बाबांच्या मनगटावरचं पातळ घड्याळ

बाबा माजरीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या शिफ्टमधल्या माणसांनी वर्गणी काढून त्यांना घड्याळ दिलं. चांगलं जाडजूड, चकचकीत, स्टीलच्या पट्ट्याचं. कार्यक्रमात ते त्यांच्या हातात चढवलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत बाबा हसताहेत. घरी आल्याआल्या मात्र त्यांनी ते काढलं आणि मनगट चोळत बसले. खाणीत कधीतरी दगड लागून त्यांच्या डाव्या मनगटाचं हाड वर आलं होतं. त्यावर जड काही टेकलं की हात कोपरापर्यंत ठणकायचा. उजव्या हातात बांधून पाहिलं, तर दार, बादली, सायकलचं हँडल, दिसेल त्यावर ते आपटायचं. शेवटी ते डब्यासकट कपाटात गेलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आतापर्यंत आयुष्य खाणीच्या भोंग्यावर निघालं, आता आरामात निघन."

पण आरामात निघत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते वेळ विचारायला लागले. बसमध्ये शेजारच्याच्या मनगटाकडे वाकून पाहायचे. मला ते पाहवत नसे.

मी तेव्हा कोरपन्याच्या शाळेत शिकवत होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की चंद्रपूरला यायचं, तिथून दुसऱ्या बसनं घरी. मधल्या वेळात मी स्टँडजवळच्या एका घड्याळाच्या दुकानात टेकायचे. दुकान वडिलोपार्जित, एका मुस्लिम गृहस्थांचं. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे. त्यांना बाबांच्या हाताचं सांगितलं आणि विचारलं, अगदी हलकं, पातळ असं काही मिळेल का.

"पातळ म्हंजे किती पातळ?" असं म्हणत त्यांनी ड्रॉवरमधून मखमलीची पुरचुंडी काढली.

इतकं पातळ घड्याळ मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दोन नाणी एकावर एक ठेवावीत, तेवढंच. सोन्याची केस, पांढरी तबकडी, दोनच काटे. सेकंदाचा काटा नाही, तारीख नाही. हातात घेतलं तर वजन जाणवेना. कानाशी धरल्यावर मात्र आत बारीकशी टिकटिक चालू होती.

"स्विस हाय. सेल नाई याच्यात, रोज चावी द्यावी लागते," चाचा म्हणाले. "वनखात्यातल्या एका रिटायर साहेबांचं हाय. मोठे भाऊ जहाजावर होते त्यांचे, त्यांनी आणून दिलं होतं. आता साहेबांचा हात थरथरतो. एवढीशी चावी फिरवता नाई येत. पण त्यांची एक शर्त हाय मॅडम. घालणारा माणूस ते सोता पाहणार. एक सराफ सोनं गाळायसाठी मागत होता, त्याले हाकलूनच देलं."

किंमत माझ्या ऐपतीच्या थोडी बाहेर होती, पण ती अडचण मोठी नव्हती. मोठी अडचण बाबांना चंद्रपूरला आणण्याची होती.

"मले कायले पायजे असं सायबाचं घड्याळ?" ते म्हणाले. "अन् पायणार म्हंजे काय, मी का पोरगी हाओ पाहाले?"

आई हसली. तिनंच त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून आणला आणि खुर्चीवर ठेवून दिला. पुढच्या रविवारी आम्ही निघालो.

साहेब आमच्या आधीच येऊन बसले होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा. उजवा हात सारखा हलत होता, म्हणून त्यांनी तो डाव्या हाताखाली दाबून धरला होता. बाबा दुकानाच्या पायरीवरच थबकले. आयुष्यभर साहेब म्हटलं की उभं राहायची सवय.

"बसा ना," साहेब म्हणाले. "हात बघू."

बाबांनी हात पुढे केला. साहेबांनी घड्याळ घेतलं आणि स्वतःच त्यांच्या मनगटावर ठेवलं. चामड्याचा नवा पट्टा होता, कडक. बकल लागेना. साहेबांची बोटं पट्ट्याच्या भोकापर्यंत यायची आणि घसरून जायची. बाबांना आपल्या दुसऱ्या हातानं मदत करता आली असती, पण त्यांनी केली नाही. चाचांनीही मान खाली घालून समोरचं एक जुनं घड्याळ पुसायला घेतलं.

"माफ करा हं," साहेब म्हणाले.

"सावकाश होऊ द्या, साहेब. मले कुठी जायचं नाई."

साहेब थोडे सैलावले. बोटं चालूच होती. वर आलेल्या हाडाकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे कशानं झालं?"

आम्हा भावंडांना याचं एकच उत्तर माहीत होतं, दगड लागला. लहानपणापासून आम्ही तेवढंच ऐकलं होतं. त्या दिवशी बाबा त्यापुढे बोलले.

"छत खाली आलं होतं, साहेब. आमी दोघं होतो. माह्या सोबतचा कंबरेवरोत दबला. त्याचा हात माह्या हातात होता. मी वढून राह्यलो होतो, तो बी जोर लावून राह्यला होता. मंग दुसरा दगड आला, तो दोघायच्या हातावरच पडला. लोकं धावत आले, मले भायेर काढलं. त्याचा हात कवा सुटला, मले समजलंच नाई."

"आणि तो?"

"तो नाई वाचला."

साहेबांनी पट्टा धरून ठेवला होता. बाहेर रिक्षावाला वरोऱ्याच्या सवाऱ्या पुकारत होता.

"घरी सांगितलंत कधी?" साहेबांनी विचारलं.

"नाई. बायकोनं मंग ड्युटीवर जाऊ देलं नसतं."

मी शेजारीच बसले होते, हे ते विसरले होते की मलाच ऐकवायचं होतं, मला आजही ठरवता येत नाही. तेवढ्यात बकल लागलं. साहेबांनी हात मागे घेतला. बाबांनी मनगट वर-खाली करून पाहिलं, मूठ वळली, उघडली.

"दुखत नाई," ते म्हणाले.

"मग झालं तर," साहेब म्हणाले, आणि चाचांना चहा सांगायला लावला.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी आईला मागच्या पडवीत नेऊन सगळं सांगितलं. वाटलं, ती रडेल. ती भांडी पुसत राहिली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "त्याची बायको महिनाभर माह्यापाशीच येऊन बसे. तिनंच सांगतलं होतं."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"ते सांगत नव्हते, मंग मी कायले विचारू? ते ड्युटीवर निघाले की मी दारात उभी राहो, बस."

बाबांची बोटं खाणकामानं जाड झालेली, त्यांनाही ती चावी धड फिरवता येईना. ते काम आईकडे गेलं. सकाळी चहा टाकला की ती पदराला हात पुसून घड्याळ घ्यायची आणि चावी अडेपर्यंत हळूहळू फिरवायची. तिला घड्याळ नीट वाचता येत नव्हतं. त्या वर्षात बाबांनी तिला शिकवलं. सेकंदाचा काटा नसल्यानं बरंच सोपं गेलं, असं ती म्हणायची.

पेन्शनच्या कामानं चंद्रपूरला गेले की बाबा साहेबांकडे जाऊन बसू लागले. साहेबांची बायको आधीच गेली होती, घर मोठं आणि रिकामं. साहेब गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गोष्टी सांगायचे, बाबा जमिनीखालच्या. आपण दोघंही उन्हापासून लांबच राहिलो, असं साहेब एकदा म्हणाले, ते बाबांनी घरी येऊन दोनदा सांगितलं.

पुढे साहेबांना त्यांच्या मुलीनं हैदराबादला नेलं. बल्लारशाच्या स्टेशनवर पोचवायला बाबा आणि मी गेलो होतो. मुलगी सामान मोजत होती. बाबांनी साहेबांच्या काखेत हात घालून त्यांना डब्यात चढवलं आणि खिडकीपाशी बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा साहेबांनी हात उंचावला. तो थरथरत होता, त्यामुळे ते निरोपाचा हात हलवताहेत असंच दिसत होतं, आणि हलवतही असतील.

परतीच्या बसमध्ये बाबा खूप वेळ खिडकीबाहेर पाहत होते. भांदकच्या अलीकडे म्हणाले, "आता पेन्शनच्या दिवशी कोणाकडे जाऊ?"

मी म्हटलं, "कोरपन्याला या माझ्याकडे."

"येईन," ते म्हणाले.

आणि पुढच्या महिन्यात खरंच आले, डब्यात आईनं दिलेली मोहफुलांची भाकर घेऊन.