माझे कान आणि नातीची बोंडं

नारळ न फोडता आत काय हाय ते सांगायचं, हे माझं काम. पावसला एका बागवाल्यांच्या खळ्यात मी बसते. समोर सोललेल्या नारळांचा ढीग असतो. एकेक उचलायचा, कानाशी हलवायचा, मग दुसऱ्या नारळावर टिचकवायचा. पाणी कसं वाजतं, करवंटी कशी बोलते त्यावर ठरतं, हा देवाला जायचा, हा खोबऱ्याला, हा उकिरड्यावर. ह्याला शाळा लागत नाय. मी चौथीपर्यंत गेले, तीपण घरात सांभाळायला लहान भावंड नव्हतं म्हणून. मग भावंड झालं आणि मला काढली.

नवरा लाँचीवर खलाशी होता. कावीळ झाली आणि गेला. पोरगा तेव्हा रांगत होता. त्याला झोळीत टांगायचा आणि जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्यावर नारळ सोलायचे, सोडणं, म्हणजे वरची सालं, खाडीच्या पाण्यात कुजत घालायची, बडवायची, काथ्या काढून सुंभ वळायचा. हाताच्या भेगांत खारं पाणी गेलं की ब्रह्मांड आठवायचं. रडायला तेव्हा वेळ नव्हता, आणि वेळ मिळाला तोवर रडायचं राहून गेलं. पुढं सोलायचं काम गुडघ्यांनी सोडवलं, वळायचं बोटांनी. कान तेवढे राहिले. म्हणून मी त्यांच्यावर जगते.

तर झालं काय, आमचे नारळ गणपतीपुळ्याला एका पूजेचं सामान विकणाऱ्याकडे जातात. त्याचा निरोप आला, चार नारळ देवापुढं फोडले ते कुजके निघाले. त्यातला एक नव्या जोडप्याचा. नवरी तिथंच रडायला लागली म्हणे.

बागवाल्यांची सून, तिला मी वयनी म्हणते, माणूस चांगली. ओरडली नाय. नुसतं म्हणाली, "आजी, वय झालं की होतं असं. सोमवारपर्यंत कान दाखवून या एकदा. नाहीतर मग निवडायला मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल. तुम्ही आपल्या बसा आरामात."

आरामात बसा! मला कुणी पहिल्यांदाच शिवी दिल्यासारखं वाटलं.

घरी मी काय बोलले नाय. बोलले असते तर मुलगा म्हणाला असता, बरं झालं, सुटलीस. सून म्हणाली असती, चला, आता दिवसभर घरात. आम्ही दोघी एकमेकींना दिवसातनं दोन तास छान सोसतो, त्याच्यावर कुणी ताण देऊ नये.

त्याच आठवड्यात शनिवारी नातीचं पार्सल आलं. माझी नात रत्नागिरीला कॉलेजात जाते आणि मोबाईलवर व्हिडिओ करते. लोक तिला कानात घालायच्या वस्तू पाठवतात. ती ऐकते, ओढते, वाकवते आणि चांगली की वाईट ते मराठीत सांगते, मग वस्तू परत पाठवते. मी तिला एकदा विचारलं, म्हणजे मी नारळाचं करते तेच की गो? ती म्हणाली, "हो आजी, फक्त मला नारळ ठेवून घेता येत नाही."

ह्या वेळी खोक्यातून निघाली ती काळ्या वायरीची बोंडं, इयरफोन म्हणतात ती. चपटी, जुन्या पद्धतीची. टोकाला रबराचं बूच नाय, वर स्पंजाची टोपी. कानात खुपसायची नाय, नुसती भोकाशी टेकवायची.

"आजी, ही जास्त ओमवाली आहेत," ती म्हणाली. "आणि हा व्हिडिओ तुझ्यावर. आजी ऐकते आणि आजी सांगते. लोकांना आवडेल."

ओम म्हटल्यावर मला वाटलं देवाचं काहीतरी असेल. मी पदर सारखा करून बसले.

आधी तिनं वायर हातात दिली. "बांधणी कशी वाटते, बोल." मोबाईल समोर उभा करून ठेवलेला. वायर चार पदरी, वेणीसारखी. मी जन्मभर सुंभ वळलेली बाई. सुंभ बघायची एकच रीत, दोन्ही टोकं मुठीत धरायची, पाय रोवायचा आणि खेचायचं. मी खेचलं.

"आजी! अगो आजी! परत पाठवायचंय ते!"

"मग तुटतं का ते सांगायला नको?" मी म्हटलं. "पीळ चांगला हाय. पण हे बघ, जिथं एकाच्या दोन वायरी होतात कनी, तिथं सैल हाय. दोरी कधी मधे तुटत नाय, जोडाशी तुटते. आणि ही टाचणी जड लोखंडाची हाय, ती बरी."

"पिन म्हणतात तिला."

"तुझ्या व्हिडिओत पिन म्हण."

मग तिनं बोंडं माझ्या कानांशी बसवली, मोबाईलात पिन खुपसली आणि हातानं खूण केली, कसं वाटतंय? माझ्या डोक्यात वयनीचा सोमवार घोळत होता. कानात काय नव्हतं. साधी माशीपण नव्हती. पण समोर मोबाईल बघतोय, दारात सून उभी. मी मान डोलवली. हातानं वायच ताल धरला. म्हटलं, "झक्कास. ढोलकी काय वाजवतोय मेला!"

"आजी," नात म्हणाली, "मी अजून लावलंच नाही."

सून पदरात तोंड घालून आत गेली. आतनं भांडी आपटल्याचा आवाज आला. तेवढा मात्र मला स्पष्ट ऐकू आला.

मग तिनं खरंच लावलं. जाखडीचं गाणं, आमच्याच बाजूचं, गणपतीत वाडीवर नाचतात त्यातलं. ढोलकी, झांज, घुंगरं, सगळं मला तोंडपाठ. नवरा झांज वाजवायचा. पण कानात काय आलं? दोन वाड्या पलीकडं कुणीतरी नाचतंय आणि वारा उलटा हाय, एवढंच. मी श्वास धरला. तरी तेवढंच. म्हटलं, संपलं. वयनी बोलली ते खरं. चार नारळ मीच कुजके पाठवले, ती पोर माझ्यामुळं रडली.

"ऐकू येतंय ना नीट?"

"येतंय तर! भरपूर येतंय. वायच कमी कर, कान दुखतील."

नात माझ्याकडं बघतच राहिली. "फोनवरच एवढा आवाज? आवाज वाढवायच्या डबीशिवाय? यांना तर डबी लागते असं सगळे म्हणतात." तिनं भराभरा वहीत लिहून घेतलं. मी बोंडं काढून तिच्या हातात दिली आणि पाणी भरायच्या निमित्तानं विहिरीवर गेले. कळशी सोडली, ती पाण्यावर आपटली त्याचा आवाज नीट ऐकला. वाटलं, हा खरा की मनाचा? परत सोडली. चार वेळा सोडली. शेजारीण कठड्यावरून म्हणाली, "काय गो, विहीर आटवतेस काय?"

रविवारी सकाळी नात वहीत लिहिलेलं व्हिडिओसाठी बोलत होती आणि मी भाकरी थापत ऐकत होते. "ही बोंडं साध्या फोनवरसुद्धा जोरात वाजतात. माझी आजी तर म्हणाली, आवाज कमी कर." एवढं बोलून ती थांबली. बोंडं आपल्या कानाला लावली. मग फोनकडं बघितलं, परत बोंडांकडं.

"आजी, तुझे कान कसले आहेत गो? मला फोनवर काहीसुद्धा ऐकू येत नाही. आवाज पूर्ण वर नेलाय मी."

माझ्या हातातली भाकरी तव्यात दुमडून पडली.

"तुला पण नाय येत?"

"नाही. म्हणजे कुजबुज येते. पण तुला एवढं जोरात..."

मी पिठाच्या हातानं जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. वयनीचा सोमवार, नवरीचं रडणं, माझी खोटी मान. सून चुलीपाशी ऐकत होती. मी म्हटलं आता हसेल. ती म्हणाली, "आई, सांगायचंत ना आम्हाला. विहिरीवरून चार कळश्या आणल्यात तेव्हाच मला वाटलं, काहीतरी बिनसलंय."

नात कपाळाला हात लावून हसली. म्हणाली, "अगो, तुझ्या खोटेपणापायी मी लोकांना खोटं सांगणार होते." मग तिनं समजावलं. जास्त ओम म्हणजे बोंड हट्टी. विहीर खोल असली आणि मोटर बारकी, तर पाणी वर चढत नाय, तसं. विहीर वाईट नसते, मोटर मोठी लागते. फोन ही बारकी मोटर. तिनं काडेपेटीएवढी एक डबी काढली, फोनला लावली, डबीत बोंडांची पिन घातली.

"आता खरं सांग. देवाशपथ."

"लावलंस की सांगेन," मी म्हटलं. "आज मान हलवणार नाय."

आणि जाखडी कानात उतरली. काय सांगू! ढोलकी नुसती धबधब नव्हती, तिच्या मधल्या शाईवरचा हात वेगळा, काठावरचा वेगळा. घुंगरं पायागणिक. मागं कुणीतरी खोकलं तेपण आलं. नात विचारत होती, जड आवाज कसा, बारीक आवाज कसा, मोकळेपणा कसा. मी म्हटलं, "जड आवाज हाय पण अंगावर येत नाय, शेजारी बसतो. बारीक आवाज झांजेचा, तो वायच तिखट, जास्त वेळ ऐकला तर डोकं उठेल. आणि मोकळं म्हणशील तर घरात नाचत नायत, अंगणात नाचतायत." तिनं सगळं लिहून घेतलं. म्हणाली, हे असं मला कधी सुचलं नसतं.

पण मग माझ्या ध्यानात आलं, नाचणारे सगळे उजव्या अंगाला सरकलेत. अंगणाच्या डाव्या कोपऱ्यात कुणीच नाय.

"डावीकडं कमी येतंय," मी म्हटलं.

सून हळूच म्हणाली, "आई, लहानपणी तुमचा डावाच कान फुटलेला ना? तुम्हीच सांगता. लसणीचं तेल घालायचात." ती मुद्दाम नव्हती बोलली. पण मला वयनीचा तो मऊ आवाज परत ऐकू आला. बसा आरामात.

मग माझे हातच आपोआप उठले. आमच्यात नारळ एका कानाला कधी वाजवत नायत. उजव्याला एकदा, डाव्याला एकदा. सासूनं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "कानपण माणसासारखा असतो, कधी रुसतो. दोघांना विचारल्याबिगर निकाल देऊ नको." मी दोन्ही बोंडं काढली आणि उलटी घातली. डावं उजव्याला, उजवं डाव्याला.

नाचणारे सगळे डावीकडं पळाले.

"उजवीकडं कमी!" मी ओरडले. बोंडं कानात असली की माणूस ओरडतं, ते मला माहीत नव्हतं. सुनेच्या हातातलं उलथणं पडलं. "माझा कान नाय गो! हे बोंड नासकं हाय! हे डावं!"

नातीनं काढून घेतलं, स्वतः घातलं, उलटं घातलं, सुलटं घातलं. मग सुनेला घातलं. सून म्हणाली, "होय की!" एवढ्या मोठ्यानं, की शेजारीण कठड्यावरून वाकली.

नातीनं व्हिडिओत सांगायचं ते सांगितलं. वायर मजबूत, जोड सैल, आवाज अंगणाचा, डबीशिवाय घेऊ नका, आणि आमच्या जोडीतलं डावं मंद हाय. पाठवणाऱ्यानं उलटा निरोप पाठवला, तुमच्या आजीचं वय बघता कान तपासून घ्यावेत. नातीनं लिहिलं, तपासले, तिन्ही बायकांचे. मग त्यांनी दुसरी जोडी पाठवतो म्हणून कळवलं.

सोमवारी मी एस.टी.नं पावसला गेले. बोंड नासकं निघालं म्हणून चार नारळ चांगले होत नायत, ते मला कळत होतं. वयनीनं अंगणात दहा नारळ मांडले होते. ही माझी परीक्षा, मला समजलं. बागेत गवत कापायचं मशीन चालू होतं, घर्रघर्र करत. मी पहिला नारळ कानाशी नेला आणि थांबले. गेल्या आठवड्यातपण हे मशीन असंच खळ्यामागं चाललेलं. मी कुणाला बंद कर म्हटलं नव्हतं. गड्याचं काम खोळंबायला नको म्हणून मी तसेच निवडले होते, अंदाजानं. तिथं चुकले मी. कान नाय, मी.

"वयनी," मी म्हटलं, "ते मशीन बंद करायला सांगा. आणि ते चार नारळ माझेच. गडबडीत वाजवले."

वयनीनं गड्याला हाक मारली. मशीन थांबलं. मग नारळ, पाणी आणि मी. सात देवाचे. एक खोबऱ्याचा, आत सुटून गोटा झालेला. दोन टाकायचे. वयनी कोयता घेऊन बसली आणि एकेक फोडत गेली. सात पांढरेशुभ्र. गोटा तो गोटा. टाकायचा पहिला फोडला तशी तिनं नाकाला पदर लावला. दुसरा फोडला, तर आत लख्ख खोबरं.

वयनीनं माझ्याकडं बघितलं. "आजी, हा तर चांगला होता."

"मग चटणी करा," मी म्हटलं. "शंका आली तर देवाला नाय पाठवायचा."

ती हसली, वाटी खाली ठेवली. म्हणाली, "सकाळी तुम्ही बसाल तोवर मशीन नाही चालणार," आणि आत गेली. मी पाट पुढं ओढला. ढीग मोठा होता, दुपारच्या आधी गाडी यायची होती.