न धुतलेला ब्लाउज

लॉन्ड्रीत तिला सगळे डागताई म्हणत. कपडा उजेडात धरला की डाग शाईचा की गंजाचा, कालचा की महिन्याभराचा, हे ती सांगून मोकळी. गिऱ्हाईक थापा मारू लागलं तर नुसती बघत राही. खरं काय ते आपोआप बाहेर येई.

अशा बाईचं डोकं स्वतःच्या ब्लाउजपुढे मात्र चालेना. वय पंचावन्न, आणि डाव्या बाजूला आतून बटणाएवढा ओला ठिपका. पहिल्या दिवशी तिला वाटलं, दूध! वेडेपणाच तो. तीस वर्षांपूर्वी तिची मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. पुढे आठवडाभर ब्लाउज असाच भिजत होता, प्यायला कोणी नसताना. आता हा नवा ठिपका छातीशी धरून ती पोटभर रडली, आणि मग धुऊन टाकला.

पुढे ठिपका लालसर झाला. कॅन्सर हा शब्द तिने मनातसुद्धा पुरता उच्चारला नाही. रोज गार पाण्यात दोन मिनिटांत काम फत्ते. दोन महिने कुणाला पत्ता नाही. शेवटी नणंदेने मोरीत पकडलं.

"वहिनी, जगाचे डाग काढतेस आणि स्वतःचा लपवतेस? चल मुकाट्याने."

डॉक्टरबाईंनी तपासलं, पण त्या दिवशी नेमका थेंबही आला नाही.

"डाग पडलेला कपडा आणलाय?"

"छे, धुतले सगळे. खूणसुद्धा नाही," डागताई ऐटीत म्हणाली.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "दाबून बघू नका. आपोआप येईल तो डाग तसाच घेऊन या."

आठवड्याने डाग पडला, आणि न धुता पिशवीत ठेवलेला तो मळका ब्लाउज तिला पुढच्या भेटीपर्यंत तीन दिवस झोपू देईना.

डॉक्टरबाईंनी डाग पाहिला आणि सोनोग्राफीनंतर त्या म्हणाल्या, "दुधाच्या नळीत चामखिळीसारखी बारीक वाढ आहे. बहुतेक वेळा साधीच असते. पण काढून तपासू, मगच निर्धास्त व्हा."

"दुधाची नळी? अजून आहे?"

"असते की. जन्मभर."

नणंदेने तोंड फिरवलं.

ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. नणंदेने तिला दवाखान्यातच मिठी मारली.

"आता ओलं नाही ना होणार?" डागताईने डॉक्टरबाईंना विचारलं.

"मुळीच नाही. ती नळीच काढली."

जीव वाचल्याचा आनंद खरा होता. घरी आल्यावर तिने पिशवीतला ब्लाउज काढला, बादली भरली, साबण घेतला. वाळलेल्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग कोरडाच घडी घालून तिने तो कपाटात ठेवला.

"अगं, धुवायचा राहिला की!" नणंद म्हणाली.

"राहू दे," ती म्हणाली. "एवढा राहू दे."