जानेफळचा ताल आणि आमचं मेटल

जायचं ठरलं ते भांडणातून. आमच्या बँडचा पहिला अल्बम तयार होत आला होता आणि त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा ताल मुळात आमचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी मंदारला, म्हणजे आमच्या गिटारवाल्याला, मोबाइलवर चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ सापडला होता. चेहरा नाही, वाद्य नीट दिसत नाही, नुसते दोन म्हातारे हात, आणि खाली लिहिलेलं, ‘जुना ताल, जानेफळ’. त्याचा वेग तिप्पट करून, वर गिटारचा गदारोळ चढवून आम्ही ‘रणहाक’ बांधलं. पोरं त्यावर वेड्यासारखी उड्या मारतात. मंदारचं म्हणणं, व्हिडिओ टाकणाऱ्याला मेसेज केला की परवानगीचं काम झालं. माझं म्हणणं, ज्याचे हात आहेत त्याला तोंडाने विचारायचं. मी हट्टाला पेटले की मंदार गाडी काढतो, तशी त्याने काढली.

ब्लॉगवर नवीन असाल त्यांच्यासाठी: मी बँडमध्ये बेस वाजवते आणि घशातून गुरगुरते. आई याला ‘स्वतःच्या हाताने घसा फोडून घेणं’ म्हणते. आमच्या संगीताला फोक मेटल म्हणतात. मेटल म्हणजे कर्कश गिटार, दोन्ही पायांनी वाजणारे ड्रम, ओरडा. त्यात आपल्या मातीची चाल, वाद्यं, बोली आणि गोष्टी कालवायच्या. नुसती बासरी चिकटवली तर ते फोक मेटल होत नाही. लोकांची चाल काढून घेतली तर गाणं कोसळलं पाहिजे, ही माझी कसोटी. तिकडे युरोपातले बँड जुने पावे वाजवत आपल्या लढवय्या पूर्वजांचा जयजयकार करतात. आम्हीही तेच करत होतो. पूर्वज नेमके कोणाचे, हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

पहाटे पाचला पुणं सोडलं. संभाजीनगरपर्यंत ट्रक आणि धूळ, तिथून जालना, मग सिंदखेडराजावरून मेहकरचा रस्ता. समृद्धीने गेलात तर वेळ वाचेल, पण डुलकी लागेल. जुना रस्ता बरा. मार्च सुरू होता, शेतात वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, कापूस कधीच निघून गेलेला. उन्हाने डोळे चुरचुरत होते. बीबीला थांबलो. वीस रुपयांत दोन आलूबोंडे आणि वरून कढी मिळते, ती वाटी नाही म्हणू नका. डिक्कीतली गिटार पाहून बोंडेवाल्याने विचारलं, “कुठी बुकिंग हाय?”

“बुकिंग नाही, आमचा बँड आहे,” मंदार म्हणाला.

“थेच तं म्हणून राह्यलो. लग्न कुठलं?”

मंदारने त्याला ‘रणहाक’ ऐकवलं. बोंडेवाल्याने अर्धा मिनिट सहन केलं आणि म्हणाला, “वरातीत चालन हे. पण नवरदेवाच्या घोड्याले सांभाळा.” आम्ही हसत सुटलो. या प्रवासातलं आमचं शेवटचं हसू ते.

मेहकरला सातशे रुपयांत खोली घेतली (पंखा चालतो, नळाला गरम पाण्याची अपेक्षा ठेवू नका) आणि दुपारी जानेफळ गाठलं. व्हिडिओ टाकणारे सुनीलदादा तिथल्या शाळेत शिक्षक. बौद्ध वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात मुलीच्या वह्यांची चळत. व्हिडिओतले हात त्यांच्या वडिलांचे. उत्तमबाबा खुर्चीत ताठ बसले होते, पांढरा सदरा, वय सत्तरीच्या पलीकडे. वहिनींनी चहा दिला. मंदारला धीर नव्हता.

“बाबा, ते डफडं दाखवता? आम्हाला नव्यानं रेकॉर्ड करायचं आहे. तशा चामड्याचा आवाज शहरात मिळत नाही.”

मग सुनीलदादा उठले, मागच्या अंगणात गेले आणि एक लोखंडी घमेलं घेऊन आले. सिमेंट कालवायचं, कडेला वाळलेला थर असलेलं.

“हे वाजवलं होतं बाबानं,” ते म्हणाले. “आमच्या घरात डफडं येत नाही.”

दोन वर्षं आम्ही मुलाखतींतून त्या ‘अस्सल चामडी नादा’चं कौतुक केलं होतं. मी मंदारकडे पाहिलं नाही.

सुनीलदादांनी समजावून सांगितलं. पूर्वी वरातीत, मयतीला डफडं वाजवायचं काम त्यांच्या लोकांवर लादलेलं होतं. ती कला नव्हती, सक्ती होती. दीक्षा घेतल्यावर घराघरांतून डफडी टाकून दिली गेली. बाबांच्या नातीने, म्हणजे सुनीलदादांच्या मुलीने, शाळेच्या वहीसाठी आजोबांना विचारलं, तेव्हा त्यांनी घमेलं पालथं घालून तेवढं एकदाच वाजवून दाखवलं. तोच तो व्हिडिओ.

“पण हा ताल कुठला?” मी विचारलं.

उत्तमबाबा पहिल्यांदा बोलले. “शांताचा.”

शांता त्यांची धाकटी बहीण. “गाव हे नाही, दुसरं. नाव टाकू नका, तिथी आता चांगले लोक राह्यतात,” त्यांनी आधी बजावलं. महाराष्ट्र तेव्हा नुकताच झालेला. दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण गाव हे काम सोडू देत नव्हतं. नाही म्हटलं की दुकानाचं मीठ बंद, विहिरीचं पाणी बंद.

“शांताले ताप होता. सकाळी गेली. माह्या बापानं तिले मातीत देल्लं अन् घरी येऊन बसला, तं माणूस आला. आज पाटलाची वरात हाय, चाल. बाप म्हणे, आज माही पोरगी गेली. थो म्हणे, मंग? पोरगी गेली तं हात हायेत ना?”

आठ वर्षांचे उत्तमबाबा बापाचं धोतर धरून वरातीपुढे चालले. बापाने लग्नाचा ताल धरायला हात उचलले आणि हात मयतीचा वाजवू लागले. त्यातही रोजचा नाही. मधे एक ठोका गाळून, धाप लागल्यासारखा. अर्धं गाव चालून होईस्तोवर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका म्हाताऱ्याला कळलं. वेशीपाशी बापाला इतकं मारलं की डावा हात कायमचा वाकडा राहिला. घरी येऊन त्याने डफडं चुलीत घातलं. चामडं जळताना वास येतो, तो अजून नाकात आहे, असं बाबा अगदी साधेपणाने म्हणाले.

आम्ही पोरांना जिथे उड्या मारायला लावत होतो, ती जागा त्या गाळलेल्या ठोक्याचीच होती. त्या रिकाम्या जागी मी किंचाळते.

“ऐकवा ना तुमचं,” बाबा म्हणाले. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. मंदारने फोन पुढे केला, त्यात आमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ होता. बाबांनी चष्मा लावून संपूर्ण पाहिला. गर्दी उसळत होती, पोरं एकमेकांवर आदळत होती.

“एवढे लोक नाचून राह्यले याच्यावर?”

“बाबा, आम्हाला माहीत नव्हतं,” मी म्हणाले. “माफ करा.”

त्यांनी फोन परत दिला. “काऊन माफी? तवाबी नाचूनच राह्यले होते लोक.”

वहिनींनी आग्रहाने जेवायला घातलं, भाकरी आणि वांग्याचं भरीत. चव मला आठवत नाही. परवानगीचं विचारायची हिंमत दोघांनाही झाली नाही. दुसऱ्या दिवशी लोणारचं सरोवर पाहायचा बेत होता. तुम्ही जाल तेव्हा जरूर बघा, मेहकरवरून जवळ आहे. आम्ही सरळ पुण्याला आलो. जालन्यापाशी मंदार म्हणाला, “काढून टाकू गाणं.” मी लगेच हो म्हटलं. मला हलकं वाटलं, हे कबूल करते.

अल्बममधून ‘रणहाक’ गेलं. बाकीच्यांनी कुरकुर केली, पण ऐकलं. आठवड्याने मी मोठ्या समाधानाने सुनीलदादांना फोन केला.

गाणं काढल्याचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “ताई, बाबानं ठेवा असंबी म्हटलं नव्हतं अन् काढा असंबी नाही. घेतलं तवा तुम्हीच ठरवलं. काढलं तवाबी तुम्हीच.”

एवढ्या साध्या वाक्याने माझं समाधान मातीत गेलं. आम्ही विचारायला म्हणून चारशे किलोमीटर गेलो आणि न विचारताच परत आलो होतो. मी म्हटलं, बाबांना फोन द्या.

“बाबा, गाण्याचं काय करू?”

“जरा सावकाश वाजवता येते का?”

“येतं.”

“अन् थे तू वरडतं, तसल्या आवाजात शांताचं नाव घेता येते का तुले? तवा आम्हाले वरडू देल्लं नाही कोणी.”

मी स्वयंपाकघरात उभी होते. नऊ वर्षं मी याच घशाच्या जोरावर मंचावर उभी राहते. दार लावून घेतलं, श्वास भरला, नाव घ्यायला तोंड उघडलं. हवा आली, आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, रडू आलं. पलीकडे बाबा ऐकत होते, त्यांनी घाई केली नाही.

“राहू दे,” शेवटी ते म्हणाले. “आवाज निघन तवा फोन करजो. मी हावो.”