निळ्या ब्राउझरचा शेवटचा वार्ताहर

बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. ती पाठवताना जे रामायण घडतं, ते मात्र साताऱ्याच्या आमच्या कार्यालयात वर्षानुवर्षं साचत जातं. त्यातलं निम्मं निळ्या चिन्हाच्या एका ब्राउझरचं आणि निम्मं वडूजच्या आमच्या वार्ताहराचं, संपतअण्णांचं.

अण्णांच्या संगणकात तो ब्राउझर आयताच आला होता. इंटरनेट म्हणजे तोच, अशी त्यांची समजूत. पान उघडायला घातलं की अण्णा दाढीला बसत. एकदा मी फोनवर ओरडलो, "बातमी कुठाय?"

"निघालीया की. एक गाल झालाय, दुसरा हुईस्तवर पोचंल."

*

पाणीवाटपाच्या बैठकीला अण्णा आणि आमच्या कुंडलच्या वार्ताहर शोभाताई साताऱ्यात आले, शेजारशेजारच्या संगणकांवर बसले. ताईंनी नवा ब्राउझर उघडला, बातमी पाठवली, डबा खाल्ला. अण्णांचं पान उघडतच होतं. अंकात नाव ताईंचं आलं.

अण्णा फणफणले, "तू काय येगळं लिवलंस गं?"

"काय न्हाई अण्णा. मी फकस्त पाठीवली."

*

मग माझंच डोकं फिरलं. एका सरकारी संकेतस्थळावर वर्षभर सूचना होती, निळ्याच ब्राउझरमधून या. एके दिवशी तिथंच दिसलं, निळा चालणार नाही. मी मुख्य कार्यालयातल्या संगणक विभागाच्या कुलकर्ण्यांशी फोनवर भांडलो. "घरोघरी शिरलेला ब्राउझर लोकांनी टाकला कसा?"

"शिरला होता म्हणूनच. आपण प्रत्येक संगणकात आहोतच, मग सुधारायचं कशाला, असं बनवणाऱ्यांना वाटलं. बाकीचे सुधारत राहिले. लोकांनी एकदा दुसरा उघडून बघितला, परत आलेच नाहीत."

"तक्रार तरी करायची!"

"साहेब, आपला वाचक पेपर बंद करताना तक्रार करतो का?"

मी फोन आपटला.

*

पुढच्याच आठवड्यात मुख्य कार्यालयाचं फर्मान आलं. सोमवारपासून निळ्यातून बातमी घेणार नाही. ज्याचं लॉगिन हरवेल त्याची नव्यानं नेमणूक होईल, आणि साठीच्या वर नवी नेमणूक नाही. अण्णा अडुसष्टचे.

"पासवर्ड काय तुमचा?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? त्या निळ्याला म्हाईत हाय."

कुणीतरी कधीकाळी एकदा घालून दिला होता. बदलायचा तर संदेश ज्या मोबाईल नंबरवर येणार, तो कधीच बंद पडलेला. मी कुलकर्ण्यांना पुन्हा फोन केला. "नियम आहे," ते म्हणाले. तीस वर्षं वडूजसकट अख्खा खटाव तालुका पायाखाली घातलेला माणूस आठ अक्षरांपायी घरी बसणार होता.

*

रविवारी मी एसटीनं वडूज गाठलं. अण्णांच्या संगणकावर नवा ब्राउझर घातला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, जुन्यातलं सगळं इकडे आणू का? मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. मी होय दाबलं.

अण्णांनी खूण करून ठेवलेली पानं आली. नाव आलं. त्यापुढे पासवर्डचे आठ काळे ठिपके आले. टँकरची बातमी लिहून तयार होती, ती क्षणात गेली. वार्ताहरकी वाचली.

मला वाटलं, अण्णा चहा सांगतील. ते पडद्याकडेच बघत बसले.

"किती येळ लागला रं?"

"अर्धं मिनिट."

"आन् त्या निळ्यानं काय आडीवलं न्हाई?"

"नाही."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"मग उद्या ह्यालाबी सोडून गेलो, तर ह्यो तरी कशाला आडवंल?"