किल्लेदाराचा धाकटा भाऊ

माझ्या वडिलांना नाटकात कायम नोकराची नाहीतर पोस्टमनची भूमिका मिळायची. हैदराबादेतल्या आमच्या मराठी मंडळाचं वर्षाला एक नाटक व्हायचं, आणि त्यात पाण्याचा तांब्या घेऊन आत येणारा, "साहेब, कुणीतरी भेटायला आलंय" म्हणणारा जो असेल, तो आमचे बाबा. घरी आल्यावर ते आईला विचारायचे, कसं झालं. आई म्हणायची, तांब्या सांडला नाही. ती थट्टेत म्हणायची, पण बाबांना ते लागायचं. मला ते दिसायचं.

बाबा नांदेडहून आलेले, एका सरकारी कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून. त्यांच्याच वस्तीतले, त्यांच्याच वर्षी नोकरीला लागलेले त्यांचे मित्र त्याच कारखान्याच्या मशीन शॉपला फिटर होते. मी त्यांना काका म्हणायचे. कॉलनीत आमची दारं समोरासमोर होती. सकाळी दोघं एकमेकांना जय भीम करून बरोबर सायकली काढायचे. काकूंनी येसराची आमटी केली की एक वाटी आमच्याकडे यायची आणि रिकामी वाटी परत द्यायची नाही म्हणून आई त्यात काहीतरी घालून पाठवायची. काकांचा आवाज खणखणीत होता, त्यामुळे मंडळाच्या नाटकात मोठी भूमिका त्यांची, हे ठरलेलंच.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या वयाच्या बाकीच्या पोरापोरींना मराठी बोलता यायचं, पण वाचायला अडखळायची, म्हणून प्रॉम्प्टिंग माझ्याकडे आलं होतं. त्या वर्षी मंडळाच्या सरांनी स्वतः नाटक लिहिलं. सर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, शोकांतिकेचं वेड असलेले. एका किल्ल्याला वेढा पडलाय. किल्लेदाराचा धाकटा भाऊ शत्रूला मागचा दरवाजा उघडून देतो, कारण पुढे किल्लेदारी त्याला मिळणार असते. ती मिळते. थोरला भाऊ तळघरात साखळदंडात पडतो, आणि धाकटा उरलेले दोन अंक त्या किल्ल्यात नुसता जगतो. कुणाला काय माहीत आहे या संशयानं एकेक माणूस संपवत जातो.

थोरला अर्थातच काका. आणि धाकट्यासाठी सरांनी बाबांचं नाव घेतलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सर म्हणाले, मला आरडाओरडा करणारा माणूस नकोय, घाबरलेला हवाय. बाबा घरी आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्या संध्याकाळी त्यांनी आबिड्सला नेऊन आम्हाला आइस्क्रीम खाऊ घातलं.

तालमी दर रविवारी सकाळी व्हायच्या. पहिले काही रविवार बाबा खलनायकासारखे भुवया चढवून बोलायचे. सरांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, "याला वाईट करू नका. त्याला स्वतःचं म्हणणं पटलेलं आहे. ज्याला पटलेलं असतं, तोच माणूस कुठवर जाईल सांगता येत नाही."

बाबांनी मान हलवली, आणि पुढच्या रविवारी ते फार चांगलं करू लागले.

त्याच दिवसांत कारखान्यात व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. सरकारी कारखाने आता असे चालणार नाहीत, माणसं कमी करावी लागतील, अशी बोलणी रोज होती. नवीन आलेल्या मोठ्या साहेबांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. हे मला पुष्कळ नंतर आईकडून कळलं. साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, मशीन शॉपची माणसं युनियनचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. कारखाना बंद पडणार, आत्ता घेतलं तर काही हाती लागेल, एवढंच समजावून सांगा. ऑफिसरची एक जागा निघणार आहे. बाबांना हेही माहीत होतं की मशीन शॉपला नुकतीच एक मोठी ऑर्डर आली होती. शॉप इतक्यात बंद पडणार नव्हतं. त्यांनी ते घरी आईला सांगितलं, बाहेर कुणाला सांगितलं नाही.

घरात मला तेव्हा एवढंच जाणवत होतं, की बाबा बदलले आहेत. जेवता जेवता उठून ते कडी लावलीय का बघायचे. आई म्हणायची, अहो, दिवसाढवळ्या कोण येतंय. दाढी करताना आरशात बघून नाटकातली वाक्यं म्हणायचे आणि मध्येच गप्प व्हायचे. आई माझ्यासमोर ते नाटकावर ढकलायची. ती म्हणाली, हे खुनाबिनाचं घरात नका बोलत जाऊ. मला ते नाटकच वाटत होतं. पण मंडळाच्या हॉलमध्ये बाबा घाबरलेले दिसले की मला बरं वाटायचं, आणि घरी तसे दिसले की मी पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे.

एका दुपारी काका आमच्याकडे चहाला आले. मी पलंगावर स्क्रिप्टवर खुणा करत बसले होते. काका बराच वेळ योजनेबद्दल बोलत राहिले. मुलगी लग्नाची, मुलगा शाळेत, काकूंना तर नोकरी सोडण्याची कल्पनाच सहन होत नव्हती. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"मला ते बाकीचं कळत नाही. तू भरणार का अर्ज, ते सांग."

"भरणार," बाबा म्हणाले. "माझं ठरलंय."

"नक्की?"

"हौ, नक्की."

"मग झालं. तू जाणार तर मी तिथं कुणासाठी थांबू?"

बाबा हे सगळं कपाकडे बघून बोलले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं तोंड उघडलं, आणि मग विचारलं, अजून चहा घेता का. काका म्हणाले, नको, आता निघतो.

काकांनी अर्ज भरला. त्यांच्या मागोमाग मशीन शॉपच्या आणखी बऱ्याच जणांनी भरला, कारण काकांनी भरला होता. आपला अर्ज वर अडकलाय, असं बाबा सांगायचे. अर्ज मंजूर झाल्यावर एक दिवस काका आणि बाबा नाटकाचं सामान घ्यायला बेगम बाजारला गेले आणि मलाही घेऊन गेले. खोटे मोती घेतले, जरीची किनार घेतली. थोरल्या भावाला बांधायला साखळी हवी होती. लोखंडाच्या दुकानात काकांनी बैल बांधायची जाडजूड साखळी उचलली आणि गळ्यात घालून दुकानदाराला हसवलं. बाबा म्हणाले, ती जड आहे, हलकी घे. काका म्हणाले, अरे, जड असेल तर आवाज येईल चांगला. बाबांनी त्यांच्या गळ्यातून ती ओढून काढली. इतक्या जोरात, की काकांच्या कानाला लागलं. ते कान चोळत बाबांकडे बघत राहिले. शेवटी हलकी साखळी घेतली.

प्रयोगाला थोडेच दिवस उरले असताना कारखान्याच्या नोटीस बोर्डावर बाबांच्या बढतीची ऑर्डर लागली. संध्याकाळपर्यंत कॉलनीत सगळ्यांना कळलं. काका आले नाहीत. काकू आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता त्यांनी आईला विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

बाबा आतल्या खोलीत होते. आईला खोटं बोलता आलं असतं.

"होतं," आई म्हणाली.

काकू वळून गेल्या. त्यांचं दार लागल्याचा आवाज आला. जेवताना बाबा आईला म्हणाले, "कुणीतरी समजावणारच होतं त्यांना. मी नाही तर दुसरा." मी चमकून वर बघितलं. दुसऱ्या अंकात धाकटा भाऊ जवळजवळ हेच बोलतो. क्षणभर मला कळेना, ते पाठांतर करतायत की आईशी बोलतायत. आईनं ताट उचललं आणि ती आत गेली.

रविवारच्या तालमीला काका येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. सर दारापाशी येरझारा घालत होते. काका वेळेवर आले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, बाबांनाही. साखळी गळ्यात घातली आणि तळघराचा प्रवेश एकही शब्द न चुकता केला. त्या प्रवेशात थोरला विचारतो, दरवाजा कुणी उघडला, आणि धाकटा सांगतो, देवानं. बाबांचा आवाज फुटेना. मी दोनदा सांगितलं तेव्हा ते बोलले. काका शांतपणे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली. मला वाटलं, हे राखून ठेवतायत. प्रयोगाच्या दिवशी, सगळ्या मराठी समाजासमोर, काका आपल्या मनचं काहीतरी बोलणार.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. नांदेड-परभणीकडची माणसं, पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली नवीन कुटुंबं, कारखान्याची पुष्कळ मंडळी. काकू आल्या नव्हत्या. आई शेवटच्या रांगेत बसली होती. मी विंगेत स्टुलावर बसून ओळींवर बोट ठेवून होते, आणि तळघराचा प्रवेश आला तेव्हा ते बोट घामानं कागदाला चिकटलं.

काकांनी विचारलं, "दरवाजा कुणी उघडला?"

बाबांनी उत्तर दिलं, "देवानं." स्पष्ट, न अडखळता. काकांनी पुढचं वाक्य घेतलं, जसं लिहिलं होतं तसं. त्यांनी आपल्या मनचं काही घातलं नाही. घातलं ते बाबांनी. धाकट्यानं तिथून तोंड फिरवून निघून जायचं होतं. बाबा गेले नाहीत. ते खाली बसले, काकांचे पाय धरले आणि रडले. त्यांना असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. सर माझ्याशेजारी उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते म्हणत होते, बघ, याला म्हणतात अभिनय.

बाबांना त्या वर्षीचं अभिनयाचं बक्षीस मिळालं. रंगपटात माणसांची रीघ लागली होती. मी बाबांची पगडी घेऊन उभी होते. काका खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग पुसत बसले होते. गर्दी ओसरल्यावर ते उठून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "स्टेजवर लई खरं बोललास. आता एकदा घरी येऊन बोल."

बाबा म्हणाले, येतो.

समोरच्याच दारात जायचं होतं. पण ते गेले नाहीत. काका-काकूंनी क्वार्टर सोडून दिलसुखनगरला भाड्यानं घर घेतलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा बाबा ऑफिसला लवकर गेले. नंतर दर आठवड्याला ते म्हणायचे, येत्या रविवारी जाऊन येतो. मग तेही म्हणायचे थांबले.

पुढच्या वर्षी योजना पुन्हा निघाली. आता तर ते बाबांचं कामच होतं. माणसं त्यांच्या केबिनमध्ये यायची, ते चहा मागवायचे. आता ते कडी बघायला उठत नव्हते. त्यांना शांत झोप लागत होती. आई एकदा मला म्हणाली, पहिल्या वेळी ते तळमळायचे ते बरं होतं गं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. घरात चांगला टीव्ही आला, केबल आली, आई तो फारसा लावायची नाही. मंडळानं बाबांना पुन्हा मोठी भूमिका देऊ केली. त्यांनी वेळ नाही म्हणून सांगितलं.

शेवटी कारखाना खरंच बंद पडला आणि बाबा इतरांसारखेच घरी बसले. मी तेव्हा नोकरीला लागले होते. एका दुपारी त्यांनी सदरा चढवला आणि मला म्हणाले, माझ्याबरोबर दिलसुखनगरला चल. रस्ताभर ते खिडकीची दांडी धरून बसले होते.

काकांचं झेरॉक्सचं दुकान होतं, कोचिंग क्लासच्या इमारतीखाली. पोरं नोट्स घेऊन उभी होती. काकांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी आम्हाला बघितलं, जय भीम केला आणि स्टूल पुढे केलं. आत काकू पुस्तकांना स्पायरल लावत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बाबा बसले नाहीत. पोरांसमोरच म्हणाले, "मी तुला खोटं बोललो होतो. अर्ज भरायचं माझ्या मनात कधीच नव्हतं."

मशीन चालूच होतं. काकांनी बाहेर आलेले कागद जुळवले, एका पोराला दिले.

"हौ," ते म्हणाले. "मला माहीत होतं. तुझ्या तोंडून पाहिजे होतं." मग म्हणाले, "लई उशीर केलास."

त्यांनी चहा मागवला. दोघांनी उभ्या उभ्या घेतला. माफ केलं असं काका म्हणाले नाहीत आणि बाबांनी मागितलंही नाही.

त्यानंतर दोघं भेटत राहिले, पण पूर्वीसारखं काही झालं नाही. बाबा दवाखान्यात होते तेव्हा काका रोज संध्याकाळी येऊन बसायचे, पेपर वाचून दाखवायचे. काकू आल्या नाहीत. बाबा गेल्यावर काही महिन्यांनी आई एकटीच त्यांच्याकडे जाऊन आली. मी ऑफिसमधून आले तेव्हा ती नुकतीच परतली होती आणि पलंगावर चपला न काढताच बसली होती.

मी विचारलं, काय म्हणाल्या काकू?

"लेकीचं लग्न चांगलं झालं म्हणाल्या," आई म्हणाली. "बसा म्हणाल्या नाहीत."