बसून लेझीम

बायको आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते नातीला अंघोळ घालायचं. हिनं पोरीला धरलं, मी पाणी ओतलं. त्याच रात्री ही गेली. नातीचे पाय चालत नाहीत, बोलणंही फुटत नाही. पोरीला कुणी हसायला नको म्हणून मग मी तिला घरातच ठेवली.

अशा पोरांना शिकवणारी एक बाई मंचरहून स्कूटीवर येते. हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागते, तेही माझ्याशी नाही, नातीशी. "काय सरकार, गॅदरिंगला लेझीम खेळायला यायचं ना?" असं विचारते आणि उत्तराची वाट बघत बसते. चहावर साय धरते, तरी हलत नाही. पोरगी हसली की म्हणते, "हां, ठरलं मग."

"बाई, उभं राहता येत न्हाई तिला. हसं करता काय?"

"बघू की, बाबा."

जमत नाही हे बाईला दाखवायला मी रागानंच नातीला उचलून शाळेत तालमीला नेली. पोरं लेझीम घेऊन रांगेत उभी होती. बाईनं नातीला मधोमध पोत्याला टेकवून बसवलं, तिच्या हाताला रुमालानं लेझीम बांधली आणि शिट्टी मारली. "सगळे खाली बसा! यंदा लेझीम बसून!"

सगळी रांग धुळीत बसली. हलगी वाजली, आणि माझी नात अशी खिदळली की हलगी वाजवणारे गुरुजीच ताल चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खांद्यावर घेऊन मी मुद्दाम पारावरून निघालो.

"कुठं निघाली स्वारी, राव?" म्हातारे ओरडले.

"लेझीमला," मी म्हणालो. "बघायला या सगळे."