मऊ झालेला तळहात

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझे वडील किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढायचे. वैशाखात आलेल्या तापानंतर त्यांचा उजवा हात बधिर झाला. पुन्हा दोर धरता येईल का, याच काळजीत घर होतं. देवबागहून आत्या आली आणि तिने मला काशाच्या वाटीने तळपाय घासायला आणि अंगठ्याने तळहात दाबायला शिकवलं. सराव तिच्याच हातावर. मी डोळे मिटून, दशावतारातल्या ऋषीसारखी मान डोलावत दाबू लागले.

"बांगडो चिरतंस काय गो? सावकाश दाब," आत्या म्हणाली.

बाबांच्या तळहातावर दोराने पडलेले घट्टे करवंटीसारखे कठीण होते. माझा अंगठा दुखायचा, त्यांना काहीच कळायचं नाही. तरी मी रोज तेल लावून दाबत राहिले. श्रावण लागला तेव्हा एका संध्याकाळी ते म्हणाले, "दुखता गो."

मी हसले. आत्याने देवापुढे साखर ठेवली. बाबा मात्र हाताकडे बघत राहिले. रोजच्या तेलाने आणि बसून काढलेल्या महिन्यांनी घट्टे गेले होते.

"ह्यो हात रापणकाराचो नाय," ते म्हणाले.

नारळी पौर्णिमेनंतर ते दोर ओढायला गेले आणि तळहातभर फोड घेऊन परतले. मी वाटी आणि तेल आणलं. त्यांनी पाय पुढे केले, हात पाठीमागे नेले.

"पायांक लाय. हात सुकेच रवांदेत."

मी त्यांच्या टाचेवर वाटी फिरवू लागले.